फॉर्म्युला वन आफ्रिकेत न्यावी का?

मोटार शर्यतींत सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या फॉर्म्युला वन या मालिकेला जागतिक अजिंक्यपद म्हटले जात असले, तरी २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षांतील प्रत्येकी २४ शर्यतींपैकी एकही आफ्रिका खंडात झाली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये रवांडाचे अध्यक्ष पॉल कागामे यांनी राजधानी किगालीत यजमानपदासाठी आपल्या देशाचा दावा जाहीर केला. पुढे जून २०२५ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या क्यालामी येथील जुन्या सर्किटच्या सुधारणेच्या आराखड्याला एफआयए या मोटार क्रीडेच्या आंतरराष्ट्रीय नियामक संस्थेने मान्यता दिली. ब्रिटिश चालक लुईस हॅमिल्टन यांनीही ही मागणी अनेकदा लावून धरली असल्यामुळे, या शर्यती नव्या खंडात न्याव्यात का, हा प्रश्न आता केवळ चाहत्यांच्या गप्पांचा राहिलेला नाही.

मात्र या खेळाला आफ्रिका अगदीच नवी नाही. १९५८ मध्ये मोरोक्कोतील कॅसाब्लांका येथे शर्यत झाली होती, साठच्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन या बंदराच्या शहरात आणि त्यानंतर क्यालामीला तिचे बस्तान बसले, आणि १९७९ मध्ये जोडी शेक्टर हा दक्षिण आफ्रिकी चालक विश्वविजेताही झाला. वर्णभेदाच्या राजवटीविरुद्धचा दबाव वाढत गेल्यावर १९८५ च्या शर्यतीवर रेनो व लिजिए या फ्रेंच संघांनी बहिष्कार टाकला आणि त्यानंतर काही वर्षे तिथे शर्यत झाली नाही. १९९२ व १९९३ अशी दोन वर्षे ती परत आली खरी, पण १९९३ मध्ये अलँ प्रोस्त याने जिंकलेली शर्यत आजवरची शेवटची ठरली. म्हणजे खंडाची पात्रता हा इथे वादाचा मुद्दा नाही. शर्यत कोणाच्या पैशाने आणि कोणत्या अटींवर न्यायची, हा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी भारतीय वाचकाला फार दूर जावे लागत नाही.

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरमसारख्या वसाहतीतून दिल्लीकडे निघालेली मोटार आग्र्यानंतर यमुना एक्सप्रेसवेला लागली, की ग्रेटर नोएडाच्या हद्दीत बुद्ध इंटरनॅशनल सर्किटच्या परिसरात पोहोचते. जेपी समूहाने उभारलेल्या आणि हर्मन टिल्के या जर्मन रचनाकाराने आखलेल्या या ५.१२५ किलोमीटरच्या सर्किटमध्ये १६ वळणे आहेत आणि सुमारे एक किलोमीटरचा सरळ पट्टा आहे. काही वळणांच्या तोंडाशी रस्ता मुद्दाम रुंद ठेवला आहे, जेणेकरून चालकांना वेगवेगळ्या रेषा पकडून पुढच्या गाडीला मागे टाकता यावे. ३० ऑक्टोबर २०११ रोजी इथे पहिली भारतीय ग्रां प्री झाली, ती सेबॅस्टियन फेटेल याने जिंकली आणि पुढच्या दोन वर्षांतही तोच जिंकला. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी चौथे विश्वविजेतेपद निश्चित झाल्यावर त्याने मुख्य सज्ज्यासमोर गाडी गरगर फिरवून टायरांचा धूर काढला आणि खाली उतरून गाडीपुढे गुडघे टेकले. नियमभंगाबद्दल त्याच्या संघाला दंड झाला, पण भारतीय प्रेक्षकांना या खेळाचे इतके जवळून दर्शन त्यानंतर घडले नाही, कारण करार पाच वर्षांचा असूनही शर्यत तिसऱ्या वर्षीच थांबली.

ती का थांबली हे समजण्यासाठी या खेळाचा हिशेब पाहावा लागतो. स्थानिक आयोजक फॉर्म्युला वनच्या व्यापारी कंपनीला शर्यत भरवण्याचे शुल्क देतो. भारताच्या बाबतीत करारातील ही रक्कम ४ कोटी डॉलर होती. त्यापलीकडे सर्किट बांधण्याचा आणि एफआयएचा प्रथम श्रेणीचा परवाना मिळवण्याचा, म्हणजे संरक्षक भिंती, गाडी घसरल्यास सामावून घेणाऱ्या मोकळ्या पट्ट्या, वैद्यकीय केंद्र वगैरे अटी पुऱ्या करण्याचा खर्चही यजमानाच्याच माथी येतो. प्रक्षेपणाचे हक्क आणि सर्किटवरच्या जाहिरातींचा मोठा वाटा मात्र परदेशी कंपनीकडे जातो, त्यामुळे आयोजकाची भिस्त मुख्यतः तिकीटविक्रीवर राहते. नवलाई ओसरली की तीच आधी घटते. मलेशियाने १९९९ पासून चालवलेली शर्यत २०१७ नंतर सोडली, आणि कोरियाने २०१० ते २०१३ अशा चार शर्यतींतच हात टेकले.

भारतात यात सरकारी गोंधळाची भर पडली. मोटार शर्यत हा खेळ मानायचा की करमणूक, हे आधी ठरलेच नव्हते. करमणूक करातील सवलतीला आव्हान मिळाले आणि पहिल्या शर्यतीला जेमतेम नऊ दिवस उरले असताना सर्वोच्च न्यायालयाने तिकिटांच्या उत्पन्नातील २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचा आदेश दिला. गाड्या आणि सुटे भाग काही दिवसांसाठी देशात आणताना लागणाऱ्या सीमाशुल्काचा वादही होताच. शेवटी एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की शर्यतीच्या काळात सर्किटचे नियंत्रण प्रत्यक्षात फॉर्म्युला वनच्या कंपनीकडे असल्याने ते तिची ‘कायम आस्थापना’, म्हणजे करपात्र व्यवसायाची देशातील जागा, ठरते. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय रास्तच होता. फक्त तो शर्यत बंद पडून साडेतीन वर्षे लोटल्यावर आला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये याच सर्किटवर मोटोजीपी ही दुचाकींची जागतिक शर्यत झाली, तीही एकदाच. हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये झालेली विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत राज्यातील सत्ता बदलल्यावर दुसऱ्या वर्षी रद्द झाली.

या ठिकाणी ग्वाल्हेरचेच एक उदाहरण बोलके आहे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने याच शहरातील कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर एकदिवसीय क्रिकेटमधले नाबाद द्विशतक झळकावले आणि त्यानंतर पुढचा आंतरराष्ट्रीय पुरुष सामना पाहायला ग्वाल्हेरकरांना ऑक्टोबर २०२४ पर्यंत, तोही नव्या मैदानावर, थांबावे लागले. पण मधल्या चौदा वर्षांत शहरातले क्रिकेट थांबले नाही, कारण गल्लीपासून रणजीपर्यंतचा पाया मोठ्या सामन्यावर अवलंबून नव्हता. मोटार शर्यतींचा असा पाया म्हणजे कार्टिंग: लहान, उघड्या, जमिनीलगतच्या गाड्यांच्या शर्यती, जिथून बहुतेक नामवंत चालकांची सुरुवात होते. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळचा मोहिते रेसिंगचा ट्रॅक त्यासाठी ओळखला जातो, आणि मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टू या खालच्या पायरीवर शर्यती जिंकण्यापर्यंत पोहोचला. तरीही आजवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरलेले भारतीय दोनच, नारायण कार्तिकेयन आणि करुण चांढोक, आणि त्या दोघांचे पदार्पण बुद्ध सर्किट उभे राहण्यापूर्वीचे आहे. मोठी शर्यत आणली की चालक आपोआप घडतात, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

आफ्रिकेच्या बाजूने न्यायाचा युक्तिवाद भक्कम आहे: जगभरातून पैसा गोळा करणाऱ्या मालिकेने एक अख्खा खंड तीस वर्षांहून अधिक काळ वगळावा, हे शोभणारे नाही. परंतु रवांडात नवे सर्किट शून्यातून बांधणे म्हणजे ग्रेटर नोएडाचाच प्रयोग अधिक लहान अर्थव्यवस्थेवर करण्यासारखे होईल, आणि त्यात शर्यतीपेक्षा सत्ताधाऱ्यांच्या प्रतिमेचा विचार अधिक असण्याचा धोकाही आहे. क्यालामीची गोष्ट वेगळी आहे. तिथे सर्किट उभे आहे, स्थानिक शर्यती होतात आणि जुन्या स्पर्धांचा प्रेक्षकवर्गही आहे. तेव्हा फॉर्म्युला वनने आफ्रिकेत जावे, पण क्यालामीला जावे, यजमानशुल्क तिथल्या तिकीटविक्रीला झेपेल इतके कमी करून जावे, आणि कर व सीमाशुल्काचा लेखी निवाडा पहिले तिकीट विकण्याआधी हाती घेऊन जावे. फॉर्म्युला वनची कंपनी हे मान्य करणार नसेल, तर दक्षिण आफ्रिकेने नकार देणेच शहाणपणाचे ठरेल.