मेंदूतलं पांढरं कडं

वरवट बकालहून अकोल्याला एमआरआय करायला गेलेला माणूस परत येतो, तेव्हा त्याच्याआधी त्याची फिल्मच गावभर फिरते. उजेडाला धरून जो तो पाहतो. मेंदूत पांढरं गोल कडं दिसलं की ओट्यावर निदान ठरतं : कॅन्सर.

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. शिरेतून दिलेलं गॅडोलिनियमचं औषध निरोगी मेंदूत शिरत नाही, रक्तवाहिन्यांच्या भिंती ते अडवून धरतात. भिंत जिथे फुटली तिथे ते झिरपतं आणि पांढरं दिसतं. पण ही भिंत ग्लायोब्लास्टोमासारखा घातक ट्युमर फोडतो, तशी टीबीची गाठ फोडते, पू फोडतो आणि पट्टकृमीची अळीही फोडते. आपल्या देशात तरण्या माणसाला पहिल्यांदाच फिट आली आणि लहानसं एकच कडं दिसलं, तर संशयितांच्या यादीत ही अळी बरीच वर असते. असे डाग पूर्वी टीबीचे समजून औषधं सुरू होत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या गाठी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांत अळी निघाली. त्यांचे निकष आजही वापरात आहेत : २० मिलिमीटरपेक्षा लहान, कडा गुळगुळीत, मेंदूची मधली रेषा सरकलेली नाही, तर अळीची शक्यता जास्त, मोठी नि वेडीवाकडी असेल तर टीबीची. यांतले कित्येक लहान डाग काही महिन्यांत आपोआप विरतात, किंवा चुन्याचा ठिपका मागे ठेवतात.

“आम्ही माळकरी, आमच्या घरात हे कुठून येईल?” असं हमखास विचारलं जातं. पट्टकृमी डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून पोटात जातो हे खरं. पण मेंदूतली अळी येते ती त्याच्या अंड्यांतून, आणि अंडी येतात जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, पाण्यावाटे, न धुतलेल्या कोथिंबिरीवाटे किंवा हातांवाटे. माळेचा इथे काही संबंध नाही.

याच्या उलटाही एक गैरसमज आहे, आणि तो गोड वाटतो म्हणून जास्त घातक : औषध झिरपलं नाही म्हणजे काळजी नाही. मोठ्या माणसांतले मंद वाढणारे ग्लायोमा जातीचे ट्युमर बऱ्याचदा औषध घेतच नाहीत. फ्लेअर नावाच्या चित्रात नुसता पांढुरका पट्टा दिसतो, माणूस धडधाकट शेतात राबत असतो, आणि काही वर्षांनी तीच गाठ उग्र होते.

एमआरआय झाल्यावर डॉक्टरांनी सिटीस्कॅन सांगितला की “पैसे उकळतात” म्हणून मोकळं व्हायचं, हेही नेहमीचं. रुग्णाच्या मेंदूचा पहिला सिटीस्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात झाला, तोही गाठीच्याच संशयावरून. यंत्र जुनं, पण गाठीतला चुना एमआरआयपेक्षा त्यात स्वच्छ दिसतो, आणि ऑलिगोडेंड्रोग्लायोमा नावाची गाठ ओळखायला तो चुना मोठा दुवा ठरतो. क्ष-किरण सिटीस्कॅनमध्ये असतात; एमआरआयमध्ये चुंबक असतो, किरणोत्सर्ग नाही. पेसमेकर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी सांगायचं.

डोकं दुखत नाही म्हणजे गाठ नाही? मोठ्या माणसांच्या बहुतेक गाठी मोठ्या मेंदूत, म्हणजे वरच्या भागात असतात आणि पुष्कळदा पहिली खूण फिट हीच असते. कांदा किंवा चप्पल हुंगवून ती थांबत नाही. ती बहुधा आपोआपच थांबते, आणि श्रेय चपलेला जातं. आणि गाठ म्हणजे मरणच, हेही खरं नाही. मेंदूच्या आवरणाला चिकटलेला, कडेने शेपटीसारखी रेघ दाखवणारा मेनिन्जिओमा बहुतेक वेळा साधा असतो.

रिपोर्टमध्ये डॉक्टर “शक्यता” लिहितात, ती पळवाट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणानुसार ग्लायोमाचं नेमकं नाव जनुकांच्या तपासणीशिवाय ठरत नाही, म्हणजे बायोप्सी करून गाठीचा तुकडा हवाच. “सुई लावली की पसरतो” या भीतीने तो टाळू नये. बायोप्सीत रक्तस्रावाचा थोडा धोका असतो. तो सर्जनला आधीच विचारून घ्यावा.