काठी सांगते ऋतूंचे गुपित

भोर किंवा वेल्हे येथे १३ मेच्या सुमारास अंगणात एक मीटर उंचीची काठी सरळ उभी रोवा. दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली नाहीशी होईल! सूर्य तेव्हा बरोबर डोक्यावर येतो.

हे रोज का घडत नाही? पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षभर उत्तर-दक्षिण सरकताना दिसतो. २२ डिसेंबरला मध्यान्ही याच काठीची सावली उत्तरेकडे सुमारे ८९ सेंटिमीटर पडते. २१ जूनला मात्र चक्क दक्षिणेकडे, सुमारे ९ सेंटिमीटर! ३१ जुलैच्या सुमारास ती पुन्हा नाहीशी होते. पण सह्याद्रीच्या पावसात ते दिसणे कठीणच.

उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो, असे अनेकांना वाटते. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या प्रारंभी, आपल्या ऐन थंडीत! ऋतू घडतात ते आसाच्या कलामुळे. तिरपे किरण अधिक जागेवर पसरतात, म्हणून उष्णता कमी मिळते. शिवाय हिवाळ्यात दिवसही लहान असतो.

तर मग काठी रोवा. दर पंधरवड्याला मध्यान्हीची सावली मोजून वहीत नोंदवा. वर्षअखेर पृथ्वीचा कल तुम्हीच पडताळून पाहिलेला असेल.