वाफसा आणि नत्र

जुलै-ऑगस्टमध्ये सलग आठ-दहा दिवस पाऊस लागला की सखल रानातला मका पिवळा पडू लागतो. शेतकऱ्याने युरिया दिलेला असतो आणि पाणी तर पायलीला पन्नास असते. इकडे वर्गात आपण शिकवत असतो की मुळे पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार शोषून घेतात. एखादी चौकस मुलगी विचारते, "गुरुजी, क्षारही आहेत, पाणीही आहे, मग पीक उपाशी का?"

आपल्या नेहमीच्या वाक्यात या प्रश्नाचे उत्तर नाही. उलट त्या वाक्याने मुलांच्या मनात चुकीचे चित्र उभे राहते. मूळ म्हणजे जणू शहाळ्यात घातलेली नळी. पाने वरून ओढतात आणि पाण्याबरोबर नत्रही आपोआप वर चढतो. हे चित्र पाण्याच्या बाबतीत बरेचसे बरोबर आहे. नत्राच्या बाबतीत मात्र ते फक्त मुळाच्या दारापर्यंत खरे आहे. पाण्याच्या ओघाबरोबर नायट्रेट मुळापाशी येऊन पोहोचते, पण आत शिरणे हे वेगळे काम आहे.

हे वेगळेपण दाखवणारा एक सुरेख प्रयोग आहे. कॅलिफोर्नियात होगलंड आणि ब्रॉयर यांनी बार्लीची मुळे रोपापासून कापून क्षारांच्या पातळ द्रावणात ठेवली. त्यांचा हा अभ्यास १९३६ साली प्रसिद्ध झाला. कापलेल्या मुळांना पाने नाहीत, म्हणजे वरून ओढ नाही. तरीही द्रावणात हवेचे बुडबुडे सोडले की मुळे क्षार आत घेत, आणि बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक साठवत. ऑक्सिजन तोडला की हे काम बंद पडे. मुळांत साखरेचा साठा भरपूर असला की ते जोरात चाले. हवा आणि साखर दोन्ही लागतात, याचा अर्थ मुळाचे श्वसन चालू असावे लागते.

श्वसनातून मिळालेली ऊर्जा नेमकी कुठे खर्च होते? मुळाच्या पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने ऋणभारित असतो. नायट्रेटचा आयनही ऋणभारित, म्हणून तो आपल्याआप आत जाणार नाही; उलट ढकलला जाईल. पेशीपटलातील एक प्रथिन ऊर्जा खर्च करून हायड्रोजनचे धन आयन बाहेर उपसत राहते. या आयनांना परत आत येण्याची मोठी ओढ असते. पटलातली दुसरी प्रथिने त्यांना वाट देतात, पण एका अटीवर: येताना नायट्रेटला बरोबर आणायचे. साधारणपणे एका नायट्रेटमागे दोन हायड्रोजन आयन आत येतात. उपसा थांबला की ही आवकही थांबते.

आत आलेले नायट्रेट जसेच्या तसे प्रथिनांत जात नाही. आधी त्याचे नायट्राइट होते. हे काम करणाऱ्या विकराला मॉलिब्डेनम लागते. अगदी लेशमात्र, पण ते नसले तर फ्लॉवरची पाने चाबकाच्या वादीसारखी अरुंद होतात. मग नायट्राइटचे अमोनियम होते. एका नायट्रेटमागे एकूण आठ इलेक्ट्रॉन खर्च होतात. काही वनस्पती हे काम बहुतांशी मुळांत उरकतात, काही नायट्रेट पानांत पाठवून तिथे प्रकाशसंश्लेषणातून मिळालेले इलेक्ट्रॉन वापरतात.

अमोनियम साठून राहिले तर पेशीला घातक ठरते. नायट्रेट पेशीतल्या रिक्तिकेत साठवता येते. अमोनियमला ताबडतोब कामाला लावावे लागते. ग्लुटामिक आम्लाला ते जोडले की ग्लुटामिन बनते, आणि तिथून पुढे इतर अमिनो आम्ले. त्यांचा कार्बनी सांगाडा पुन्हा साखरेतूनच येतो. म्हणजे पानांनी खाली पाठवलेली साखर मुळांत तीन खात्यांवर खर्ची पडते: उपसा, इलेक्ट्रॉन आणि सांगाडा.

आता मक्याकडे परत जाऊ. हवेच्या मानाने पाण्यात ऑक्सिजनचे विसरण सुमारे दहा हजार पटींनी मंद होते. जमिनीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की उरलासुरला ऑक्सिजन मुळे आणि जीवाणू लवकरच संपवतात. त्यात भर म्हणजे काही जीवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरू लागतात आणि नत्र वायुरूपाने उडून जातो. काही नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपते, कारण मातीचे ऋणभारित कण त्याला धरून ठेवत नाहीत. ओल आणि हवा दोन्ही बेताने असलेल्या जमिनीला आपले शेतकरी 'वाफसा आला' म्हणतात. आमच्या मते हा शब्द विज्ञानाच्या पाठात यायलाच हवा.

मग भात पाण्यात कसा तगतो? त्याच्या खोडामुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून पानांकडची हवा मुळांपर्यंत उतरते. शिवाय तो नत्र मुख्यतः अमोनियमच्या रूपात घेतो. अमोनियम धनभारित असल्याने मातीच्या कणांना चिकटून राहते. म्हणूनच भातखाचरात नायट्रेटयुक्त खत देणे बहुधा वाया जाते.

वर्गात करून पाहण्यासारखे: सारख्या मातीच्या दोन कुंड्यांत मका लावा. चार पाने आल्यावर दोन्हींना सारखाच चिमूटभर युरिया द्या. मग एका कुंडीच्या भोकाला बूच मारून मातीवर बोटभर पाणी उभे ठेवा. रोज खालच्या पानांकडे पाहायला सांगा, कारण नत्र कमी पडला की झाड जुन्या पानांतला काढून नव्यांना देते. मात्र पाने पिवळी पडली तरी मुळाने नत्र घेतला नाही की मातीतच तो उरला नाही, हे या कुंडीवरून ठरत नाही. मुलांनीच ही शंका काढली तर त्यांना कापलेल्या मुळांचा प्रयोग सांगा. नंतर बूच काढून वाफसा येऊ द्या आणि थोडा युरिया पुन्हा द्या. पिवळी झालेली जुनी पाने सहसा परत हिरवी होत नाहीत. नवे पान कसे येते ते पाहायचे.