जुन्या जीपचं स्टिअरिंग थरथरतंय?

पांझरा नदी ओलांडून देवपूरमार्गे शिरपूरकडे निघालेली विलिज घराण्यातली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप वेग घेताच थरथरली, तर आधी टायरची हवा मोजा. मग हे तपासा:

● खेळ : चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग डावं-उजवं हलवावं, दुसऱ्याने खालून पाहावं. स्टिअरिंगचा बेल क्रँक झिजला असेल, तर जागीच डुलतो.

● चाक : जॅक व स्टँडवर घेऊन वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबताच खेळ थांबला, तर बेअरिंग ढिलं. राहिला, तर किंगपिन. आडवं धरून हललं, तर टाय रॉड एंड.

● पाटे : तुटलेलं पान, सैल यू-बोल्ट, झिजलेले शॅकल बुश.

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू सर्वांत शेवटी. आधीच आवळला, तर स्टिअरिंग जड होतं, दोष तसाच राहतो.