क्रथन, मेद आणि हृदय

सुश्रुतसंहितेत अतिस्थूलाच्या लक्षणांत ‘क्रथन’ सांगितले आहे; टीकाकार त्याचा अर्थ अकस्मात श्वासावरोध असा करतात. गळ्याभोवतीच्या मेदामुळे निद्रेत श्वासमार्ग मिटतो, प्राणवायू घटतो, रक्तदाब चढतो व हृदयावरील भार वाढतो, असे आधुनिक संशोधन सांगते. दुर्बल हृदयात मात्र कधी मेंदूचीच श्वासप्रेरणा थांबते. अशा रुग्णांत ‘अ‍ॅडाप्टिव्ह सर्व्हो-व्हेंटिलेशन’ या श्वासयंत्राने मृत्यू वाढल्याचे २०१५ च्या ‘सर्व्ह-एचएफ’ अभ्यासात आढळले. म्हणून निदानाविना यंत्र सुचवू नये.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातही घोरणे गाढ झोपेचे लक्षण समजले जाते! घरच्यांस विचारल्याशिवाय खरी हकीकत कळत नाही. स्थूल, घोरणारा रुग्ण झोपेची गोळी मागू लागल्यास औषधविक्रेत्यांनी ती चिठ्ठीविना देऊ नये. श्वासावरोध वाढू शकतो. पायांवर शोथ व उताणे निजता धाप असल्यास वैद्यांनी त्यास हृदयतपासणीसाठी त्वरित पाठवावे.