खुरप्याची मूठ का हलते?

नांदेड-लातूरकडे सोयाबीन उगवले की खुरपणी सुरू होते आणि सैल मुठीमुळे आयाबायांच्या तळहाताला फोड येतात. शिव्या लोहाराला! पण खोट बहुधा लाकडात असते. ओले लाकूड वाळताना आडवे आकसते, आतले लोखंड आकसत नाही. मूठ चिरते, मग पाते हलते. पाण्यात भिजवावे, तर फुगलेले लाकूड लोखंडावर दबून चेपते आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होते. आमच्याही घरी हेच चाले.

मूठ बाभळीच्या तांबूस गाभ्याचीच घ्यावी. पांढऱ्या भागाला भुंगा लागतो. लाकूड सावलीत पूर्ण वाळवावे, तोंडाशी लोखंडी कडे ठोकावे, शेपूट लाखेत बसवावे. लाख उन्हात मऊ होते, म्हणून खुरपे बांधावर तापत टाकू नये. वरून जवसाचे तेल पातळ चोळावे. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकते.