गोठवलेले पफ : चित्र नको, यादी वाचा

घरी भाजायचे गोठवलेले पफ आता आमच्या सीमाभागातल्या दुकानांतही मिळतात. मुलांच्या डब्याची सोय म्हणून मी तीन प्रकार आणून पाहिले : सारण भरलेले पफ, चंद्रकोरीसारखे क्रोसाँ आणि पफच्या कोऱ्या पट्ट्या.

तिन्ही पाकिटांवरची चित्रे सुरेख. खरा फरक घटकांच्या यादीत. पफ आणि क्रोसाँमध्ये मार्गारिन होते, पट्ट्यांत लोणी. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून तोंडात विरघळते. पफसाठीचे मार्गारिन त्याहून जास्त उष्णता मागते. पफ गार झाला की ते टाळूला मेणासारखे चिकटते. घरात कुणी लोणी म्हणो, कुणी बेण्णे; यादीत ‘बटर’ हाच शब्द शोधावा. ‘बटर फ्लेवर’ म्हणजे नुसता वास! २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपात ट्रान्स फॅटला २ टक्क्यांची मर्यादा आहे, हे बरे झाले. तरी लोण्यातही संतृप्त मेद भरपूर असतो. रोजच्या डब्याला पफ नकोच.

पफ फुगतो तो थरांतल्या पाण्याच्या वाफेने. म्हणून पट्टी थंड आणि ओव्हन आधीच २०० अंशांना तापलेला हवा. वीज जाऊन पाकीट मऊ पडले की थर एकमेकांना चिकटतात. पुन्हा गोठवून ते सुटत नाहीत. आत बर्फाचे खडे साचलेले पाकीट दुकानातच ठेवावे.

कोऱ्या पट्ट्या महाग पडल्या. पण सारण आपले, मीठही आपल्या हातचे. माझे मत त्यांनाच.